पेत्राच्या सासूचं कुळ

लुम्बान तोरुआन, सामोसिर
६ सप्टेंबर १९८१

प्रिय नणंदबाई तिओलिना,

तुझ्या भावाने आज मला घरात घेतलं नाही. म्हणजे घेतलं, पण आधी दारात उभं करून विचारलं, "रोमिआन, तू चर्चमध्ये नक्की काय बोललीस? ताडीच्या दुकानात सगळे मला 'पेत्राचा सासरा' म्हणताहेत."

सांगते. आपल्याकडे नवा पाळक आलाय, मारादेन हुतापेआ. नुकताच शिकून बाहेर पडलेला, मान बारीक, कॉलर मोठी. आज उपासना झाल्यावर त्याने आम्हा बायकांना थांबवून घेतलं आणि म्हणाला, "भगिनींनो, शास्त्रातलं काहीही विचारा. अजिबात लाजू नका." आता हे कुणी माझ्यासमोर म्हणावं का? तू आणि मी रविवारच्या शाळेत एका बाकावर बसायचो. माझ्या प्रश्नांपायी आपल्या मास्तरांचे किती केस गेले, तुला ठाऊकच आहे.

मी उभी राहिले. म्हटलं, "प्रभू येशू पेत्राच्या घरी आला तेव्हा पेत्राची सासू तापाने पडली होती. त्याने हात धरून तिला उठवलं, ताप उतरला आणि ती लगेच त्यांची सेवा करायला लागली. बरोबर?"

"अगदी बरोबर."

"मग तिचं नाव काय? कुळ कुठलं? जावयाच्या घरी का राहत होती? सासरा होता की गेला होता? आणि ताप उतरल्याबरोबर तिने चुलीवर काय चढवलं? मासे म्हणावेत, तर जावयाने जाळी टाकून दिली होती!"

पाळक म्हणाला, "ते... नोंदलेलं नाही."

झालं. पुढच्या बाकावरची ओम्पू तिआर आजी काठी आपटत उठली. "नाव राहू दे, पण कुळ नोंदलेलं नाही म्हणजे काय? मी स्वर्गात गेले आणि ती बाई समोर आली तर तिला हाक काय मारू? मावशी म्हणू, वहिनी म्हणू, की व्याहीणबाई म्हणून थट्टा करू? कुळ कळल्याशिवाय तोंड कसं उघडायचं?"

सगळ्या एकदम बोलायला लागल्या. पाळकाने घाम पुसत सांगितलं की पुस्तकं चाळून आठवडाभरात घरी येऊन उत्तर देईन. बघू.

बिन्सार कसा आहे? आमची लाम्रिया परवा तुझ्यासारखी केसांची गाठ घालून समोर आली आणि मला भरून आलं. मामाची मुलगी भाच्याला द्यावी, याहून चांगलं काय? दोघं पाळण्यात असताना आपण काय ठरवलं होतं, ते मी विसरलेले नाही हं.

तुझी वहिनी,
रोमिआन

*

मेदान
१५ सप्टेंबर १९८१

प्रिय वहिनी,

तुझं पत्र मी जेवताना मोठ्याने वाचलं. आमच्या सिनागा मास्तरांचा चष्मा हसता हसता कालवणात पडला. ते म्हणतात, शाळेत असा एक जरी प्रश्न आला तरी मी राजीनामा देईन.

पण वहिनी, तू मला झोपू दिलं नाहीस. पाच भाकरी आणि दोन मासे आठवतात ना? हजारो माणसं जेवली आणि उरलेलं बारा टोपल्या भरून निघालं. त्या टोपल्या कुठून आल्या? लोक उपाशीपोटी डोंगरावर आले होते, मग रिकाम्या टोपल्या कोण घेऊन आलं? आणि नंतर त्या ज्याच्या त्याला परत गेल्या का? चर्चच्या जेवणात माझं पातेलं गेलं ते अजून आलेलं नाही, म्हणून विचारते. पाळकाला हेही विचार.

त्याचं लग्न झालंय का? सहज विचारते.

बिन्सार बरा आहे. हल्ली कामात असतो.

तुझी तिओलिना

*

लुम्बान तोरुआन
३० सप्टेंबर १९८१

प्रिय नणंदबाई,

पाळक आला! काखेत जाडजूड पुस्तकं, आणि सगळी चाळून एकच उत्तर, "नोंदलेलं नाही." इतका ओशाळला होता की मलाच दया आली. मग मी तुझ्या टोपल्या काढल्या. तो दचकून उभाच राहिला. म्हणाला, "हे तर मला कुणी शिकवलंच नाही. गुरुवारी परत येऊ का?"

तेव्हापासून गुरुवार काय, मंगळवार काय, येतोच आहे. एवढा मनापासून अभ्यास करणारा मुलगा मी पाहिला नाही. बोलता बोलता त्याला सुचतं आणि लगेच लिहून ठेवायचं असतं, म्हणून लाम्रिया शेजारी बसून उतरवून घेते. तिचं अक्षर चांगलं. परवा मी माशाचं अर्सिक केलं होतं, अंदालिमानची मिरी जरा सढळ पडली. त्याच्या जिभेला मुंग्या, डोळ्यांतून धारा, तरी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत म्हणतो, "फार सुंदर, फार सुंदर." जेवणाची फार आवड आहे पोराला. लाम्रिया आतून पाणी घेऊन आली तर पाणी प्यायचंच विसरला.

लग्न झालेलं नाही. मी विचारलं तर हजेरी घेतल्यासारखा ताठ उभा राहून "नाही!" म्हणाला.

गावाला तर वेडच लागलंय. धक्क्यावर जाळी वाळवताना पुरुष भांडतात, नोहाच्या तारवातलं शेण कोण काढत होतं म्हणून. तुझा भाऊ म्हणाला, "नोहाची बायको आणि सुना. म्हणून तर त्यांची नावं कुणी लिहिली नाहीत. लिहिली असती तर मजुरी मागितली असती." सगळ्या बायकांनी त्याला त्या दिवशी कॉफी पाजली. लाजर मेल्यावर शेजाऱ्यांनी दुखवट्याचं जेवण आणलं असणार. चौथ्या दिवशी तो उठून बसला, तेव्हा ते जेवण कुणी खाल्लं? हा प्रश्न ओम्पू तिआरचा. ती म्हणते, "मी असते तर ताट परत मागितलं असतं."

लाम्रिया पण फार धार्मिक झालीय. हल्ली आरशासमोर बसून बायबल वाचते.

तुझी रोमिआन

*

मेदान
९ ऑक्टोबर १९८१

वहिनी, वहिनी, वहिनी!

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पाळकाला इतक्यात मोकळा करू नकोस. शास्त्राचा प्रश्न अर्धवट सोडणं चांगलं नाही. मी तुला आणखी प्रश्न देते, पण सगळे एका बैठकीत विचारू नकोस. एकेक विचार, सावकाश. उधळ्या मुलगा घरी परत आला तेव्हा बाप धावत गेला, पण आई कुठे होती? काना गावच्या लग्नात द्राक्षारस संपला, पण नवरी कोण होती आणि तिच्या आईला कळलं तेव्हा तिने कुणाला धरून झापलं? योना माशाच्या पोटातून तसाच घरी गेला, तर बायकोने त्याला दारात घेतलं का?

एवढे नाताळपर्यंत पुरतील. आणि टिपायला लाम्रियालाच बसव. तुझं अक्षर देवालाही लागत नाही. त्यांना अंगणातल्या आंब्याखाली बसव, तिथे वारा असतो. तू मध्ये मध्ये बोलू नकोस, तू स्वयंपाक कर.

बिन्सार सध्या नियास बेटाकडची भाषा शिकतोय. दुसऱ्यांची भाषा आलेली बरी असते, नाही का?

तुझी तिओलिना

*

लुम्बान तोरुआन
२ नोव्हेंबर १९८१

प्रिय नणंदबाई,

मेदानसारख्या शहरात राहून तू एवढी देवाधर्माची झालीस, वाचून ऊर भरून येतो. तू म्हणालीस तसं त्यांना आंब्याखाली बसवलं. एका उधळ्या मुलाच्या आईवर पाळकाने चार संध्याकाळी घालवल्या. याला म्हणतात चिकाटी.

आता मोठी बातमी. या नाताळाला आम्ही गव्हाणी आणि मेंढपाळ करणार नाही. दर वर्षी तेच मेंढपाळ, तीच दाढी. या वर्षी 'पेत्राच्या घरी' असं नाटक! लिहिलंय मी. पाळकाने शुद्धलेखन बघितलं आणि सासूच्या तोंडचे दोन शब्द बदलायला लावले, ते चर्चमध्ये चालले नसते म्हणे. सासू मीच. पेत्र व्हायला एकही पुरुष तयार होईना, सगळे म्हणतात रोमिआनच्या तोंडाला कोण लागणार. शेवटी पाळकच तयार झाला. पेत्राची बायको लाम्रिया. तिला संवाद नाहीतच, नुसती उभी राहते, कारण तिचं काही नोंदलेलं नाही. तुझ्या भावाने कोंबड्याचं काम मागून घेतलं. कोंबडा आरवला तो पेत्राने प्रभूला नाकारलं तेव्हा, या गोष्टीत तो येतच नाही असं सांगून दमले, पण तो म्हणतो, पेत्र आहे तर कोंबडा पाहिजेच.

आणि ऐक. जानेवारीत आम्ही दोघं मेदानला येतोय, मासे आणि तांदूळ घेऊन. किती दिवस नुसतं मनात ठेवायचं? बिन्सार आणि लाम्रियाची तारीख ठरवून टाकू. मी तिला अजून काही बोलले नाही, पण तिला काय, ती लहानपणापासून जाणते.

तुझी रोमिआन

*

मेदान
१० नोव्हेंबर १९८१

वहिनी,

जानेवारीत नको. घराला रंग लावायचाय. रंग झाला की पत्रे बदलायचेत. पत्रे झाले की सिनागा मास्तरांचे दात काढायचेत. फेब्रुवारीतही दात आहेतच.

एक विचारू? पेत्राच्या बायकोला कुणी विचारलं होतं का गं, तिला पेत्रच हवा होता का?

घाईत,
तिओलिना

*

लुम्बान तोरुआन
२२ डिसेंबर १९८१

तिओलिना,

हे पत्र कसं लिहू कळत नाही. तीन कागद फाडले. तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगते.

रविवारी नाटक झालं. चर्च खचाखच, खिडक्यांतसुद्धा माणसं. मी घोंगडी पांघरून तापाने कण्हत पडले होते. प्रभू येशू काही आम्ही दाखवला नाही, नुसता दिवा मोठा केला. मी उठले, ताप उतरला, चूल पेटवली, सगळं छान. मग माझं मोठं भाषण. मी कमरेवर हात ठेवून पेत्राला म्हणाले, "जाळी टाकून निघालास, होडी टाकून निघालास. माझ्या मुलीचं काय?" यावर पेत्राने म्हणायचं होतं, "देव पाहून घेईल." एवढंच. चार शब्दही नाहीत.

पाळक गप्प. मी हळूच कुजबुजले, "देव पाहून घेईल." तरी गप्प. मग त्याने डोक्यावरचं फडकं काढलं आणि म्हणाला, "ती माझ्याबरोबर येईल. तिची इच्छा असेल तर. पौलाने करिंथकरांना लिहिलंय की पेत्र प्रवासात बायकोला बरोबर नेत असे. ते मला आंब्याखाली सापडलं. मी तिला विचारलं. ती म्हणाली, आधी आईला विचारा."

मी म्हटलं, "हे नाटकात लिहिलेलं नाही!"

तो म्हणाला, "नाही, बाई. हे नोंदलेलं नाही."

तेव्हा मला कळलं, तिओलिना. आणि मी मागे वळून बघितलं तर सगळ्या चर्चमध्ये मला एकटीलाच आत्ता कळत होतं. ओम्पू तिआर ओरडली, "एकदाचं बोलला! कुळ सांग!" तो म्हणाला, "हुतापेआ." ती म्हणाली, "सिम्बोलोनांच्या मुलीला चालतं, पुढे जा!" तेवढ्यात तुझा भाऊ पडद्यामागून आरवला. त्याला वाटलं, त्याची पाळी आली.

मी घोंगडीसकट बाहेर पडले आणि तळ्याकाठी जाऊन बसले. लाम्रिया मागून आली. मी म्हटलं, "बिन्सारचं काय? आत्याला मी काय तोंड दाखवू?" ती माझ्याशेजारी बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "आई, तू पेत्राच्या सासूबद्दल सगळं विचारलंस. नोहाच्या सुनांबद्दल विचारलंस. मला एकदाही विचारलं नाहीस."

मी घोंगडी काढून तिच्या खांद्यावर टाकली.

तुझ्या भावाला विचारलं, तुला माहीत होतं? तर म्हणतो, "मला वाटलं तूच जुळवतेयस. नाहीतर एवढं अर्सिक कुणी कुणाला खाऊ घालतं?"

आता ऐक. शब्द मी तुला आधी दिलाय. लाम्रियावर पहिला हक्क तुझ्या मुलाचा आहे आणि तुझं मन मोडून मी जावई आणणार नाही. मी दोघांनाही सांगितलंय, तिओलिनाचं पत्र येईपर्यंत काही नाही. पाळकाचं येणं बंद झालंय. लाम्रिया मासे साफ करते, भांडी घासते, माझ्याशी नीट बोलते, आणि जेवत नाही. तू 'नाही' म्हणालीस तर मी तिला समजावेन. कशी ते माहीत नाही, पण समजावेन.

लवकर लिही.

रोमिआन

*

मेदान
२९ डिसेंबर १९८१

माझ्या भोळ्या, वेड्या, लाडक्या वहिनी,

पत्र पोचल्यापासून मी रडतेय आणि हसतेय, सिनागा मास्तर डॉक्टरला बोलवायला निघाले होते. आधी लाम्रियाला जेवायला वाढ. मग पुढचं वाच. वाढलंस? आता बस.

तुझ्या दुसऱ्या पत्रातच मला कळलं होतं. तिखट खाऊन स्वयंपाकघराच्या दाराकडे कोण बघतं गं? टोपल्या माझ्या खऱ्या होत्या, पण उधळ्या मुलाची आई, काना गावची नवरी आणि योनाची बायको यांच्याशी मला काहीही देणंघेणं नव्हतं. पाळकाला तुमच्या अंगणात यायला निमित्त मिळावं म्हणून मी रात्री जागून प्रश्न काढत होते. मी देवाधर्माची वगैरे काही झालेली नाही.

तू विचारशील, आपल्याच मुलाचा पाट दुसऱ्याला का दिलास? तर ऐक. बिन्सार मोटारसायकलवरून पडला होता, मी तुला कळवलं नव्हतं. दवाखान्यात एका नर्सने त्याचा पाय बांधला. पाय महिन्याभरात बरा झाला, पण हा पट्टी बदलायला जातोच आहे. युलिआना झेबुआ नाव तिचं. नियास बेटावरची. पहिल्यांदा घरी आली तेव्हा मी मुद्दाम तोंड वाकडं करून बसले होते. तिने माझ्याकडे पाहिलं, माझी सुजलेली पावलं पाहिली आणि काही न बोलता गरम पाण्याचं घमेलं आणून ठेवलं. आता मी काय करू? मला ती आवडते.

मी तुला सांगायला घाबरत होते. तुला वाटेल, शहरात जाऊन नणंद फिरली, माझी लेक नाकारली. आणि तू बोलण्याची पक्की. तू शब्दापायी पाळकाला हाकलून दिलं असतंस. म्हणून गप्प बसले.

पण खरी भीती याहून मोठी आहे, तीही सांगते. युलिआनाला आपल्यात कुळ नाही. कुळाशिवाय लग्नात तिच्या बाजूने उभं कोण राहणार, तिचा बाप म्हणून मासा कोण भरवणार? रीत तुला माहीत आहे. परकी मुलगी आली की मुलाच्या मामाने तिला लेक करून घ्यायचं. म्हणजे माझ्या भावाने. म्हणजे तू. तुझ्या लेकीची जागा जिला मिळतेय, तिलाच लेक म्हण, असं मी तुला सांगायचं! कितीदा लिहायला बसले आणि शेवटी दरवेळी रंग, पत्रे आणि दात लिहिले. मास्तरांचे दात सगळे शाबूत आहेत.

मागते, वहिनी. नको वाटलं तर नको म्हण. मी रागावणार नाही. थोडी रडेन.

तुझी तिओलिना

*

लुम्बान तोरुआन
५ जानेवारी १९८२

नणंदबाई,

लाज नाही वाटत? तीन महिने मला बाहुलीसारखं नाचवलंस! मी त्या योनाच्या बायकोवर दोन रात्री विचार केला. तिची बाजू घेऊन तुझ्या भावाशी भांडले! 'तू मध्ये बोलू नकोस, तू स्वयंपाक कर' म्हणे! आणि मी केला की! मासे संपेपर्यंत केला!

हे वाचून दाखवलं तर तुझा भाऊ जमिनीवर लोळून हसला. मग डोळे पुसून म्हणाला, "म्हणजे बिन्सार शेवटी माझ्याच मुलीशी लग्न करणार." मी म्हटलं, कसं काय? तो म्हणाला, "अगं, युलिआना आपली लेक झाली की तो मामाचीच मुलगी करतोय ना? तुमचा पाळण्यातला शब्द खरा होतोय. फक्त मुलगी जरा उशिरा आणि नर्स होऊन आली."

ताडीच्या दुकानात बसणाऱ्या माणसाला हे सुचलं, आणि मला नाही.

पण मी अशी सहजासहजी ऐकायची नाही. माझ्या अटी आहेत. एक, पोरीला घेऊन ये, मला तिला बघायचंय, आणि तिला अंदालिमान घातलेलं अर्सिक खाता आलं पाहिजे. रडली तरी चालेल, पण ताट रिकामं पाहिजे. दुसरं, बिन्सारने मामासमोर बसून आपल्या तोंडाने परवानगी मागायची, पत्रातून नाही. तिसरं, यापुढे माझ्यापासून काही लपवायचं नाही. लपवलंस तर तुझ्या नवऱ्याचे दात मी स्वतः येऊन काढेन.

लाम्रिया दोन ताटं जेवली. पाळकाला निरोप पाठवला, तर हा पठ्ठ्या पाचव्या मिनिटाला अंगणात हजर. मी विचारलं, चर्च तर टेकडीपलीकडे आहे, इतक्यात आलास कसा? तर सकाळपासून ओम्पू तिआरच्या गोठ्यात लपून बसला होता. म्हातारीने त्याच्याकडून गवत कापून घेतलंय.

या लवकर.

रोमिआन

*

मेदान
१६ फेब्रुवारी १९८२

प्रिय वहिनी,

सुखरूप पोचलो. सगळं तू डोळ्यांनी पाहिलंसच, पण परतीच्या बोटीवरचं तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

लेक करून घेताना दादाने डोक्यावर तांदूळ ठेवले, तू खांद्यावर उलोसची शाल पांघरलीस, तोपर्यंत युलिआना पुतळ्यासारखी बसली होती. मला वाटलं, हिला काही कळतंय की नाही. बोट सुटली तरी उलोस काढेना, एवढं ऊन असून. तिकीटवाला आला. त्याने फक्त सुटे पैसे आहेत का विचारलं. ही म्हणाली, "मी सिम्बोलोनांची लेक." तो म्हणाला, "बरं." मग चहावाली बाई आली, तिलाही सांगितलं, "मी सिम्बोलोनांची लेक, लुम्बान तोरुआनची." ती बाई निघाली तुमच्याच कुळातली! लगेच बाजूला बसली, हिला धाकटी बहीण म्हणाली, चहाचे पैसे घेतले नाहीत आणि वर बिन्सारला दम भरला, "आमच्या पोरीला नीट ठेव." बिन्सार गरीब गाय होऊन बसला होता. घरी आल्यावर ती न्हाणीघरात जाऊन खूप रडली. बाहेर आली आणि म्हणाली, "आत्या, मला आईला पत्र लिहायचंय. सामोसिरच्या."

लिहील. तुझ्यासारखंच अक्षर आहे मेलीचं, अजिबात लागत नाही.

लाम्रियाच्या लग्नाला एप्रिलमध्ये येतोच.

तुझी तिओलिना

*

मुआरा, पाळकाचं घर
२५ एप्रिल १९८२

प्रिय नणंदबाई,

वरचा पत्ता बघून दचकू नकोस. सगळे जिवंत आहेत.

लग्न आटपून तुम्ही सोमवारी गेलात. गुरुवारी लाम्रिया आणि जावई नव्या चर्चला निघाले. नेमणूक इथे मुआराला, तळ्याच्या पलीकडे. धक्क्यावर सगळं गाव जमलं होतं, गाणी चालली होती. मी ठरवलं होतं, रडायचं नाही. रडले नाही. लाम्रिया पुढे बसली, पेटी ठेवली, गादी ठेवली. जावयाने डोकं वाकवून माझा निरोप घेतला. दोर सोडला, इंजिन सुरू झालं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, माशांची टोपली माझ्याच हातात राहिली. मी ओरडले, "थांबा!" बोट पुन्हा धक्क्याला लागली. मी टोपली द्यायला वाकले. लाम्रियाने टोपली घेतली, पण माझा हात सोडला नाही. एवढ्या बायकांसमोर, लहान असताना म्हणायची तशी म्हणाली, "आई, तू पण चल ना."

आणि मी बोटीत होते.

तुझा भाऊ सगळ्यांना सांगतो, मी घसरले. मी घसरले नाही, तिओलिना. चढले. अंगात घरातलं लुगडं, पायात काही नाही, कमरेला स्वयंपाकघराचं फडकं. जावयाने एक शब्द न बोलता गादी सरकवून मला जागा केली. तुझा भाऊ धक्क्यावर तोंड उघडं टाकून उभा होता. बोट लांब गेल्यावर त्याला आवाज फुटला, "रोमिआन! जेवणाचं काय?" मी ओरडले, "मासे तुझे, चूल तुझी!" सगळ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. आयुष्यात मी इतकी हसले नाही. आणि मग मधोमध, जिथे दोन्ही किनारे सारखेच लांब दिसतात ना, तिथे दोघी पोटभर रडलो. जावई दुसरीकडे बघत होता. चांगला मुलगा आहे.

या घरात दोन ताटं आणि एक कढई. इथल्या बायका रोज संध्याकाळी येऊन बसतात. आज सकाळी जावई माझ्यासमोर हात जोडून म्हणाला, "आई, माझा इथला पहिला रविवार आहे. आज फक्त प्रश्न विचारू नका." मी वचन दिलं आणि पाळलं. मी तोंडही उघडलं नाही. शेजारच्या दोघींनी विचारले ते प्रश्न त्यांना कुणी शिकवले, याची कुणी चौकशी केली नाही.

उद्याच्या बोटीने परत जायचं ठरवलं होतं. पण आत्ता लिहिता लिहिता खिडकीतून बघते तर तळ्यावरून एक होडी वेडीवाकडी येतेय. तुझा भाऊ! एवढं अंतर एकटा वल्हवत आला, चेहरा उन्हाने लालबुंद. मी दारात जाऊन विचारलं, "काय रे, उपाशी मरत होतास?"

"छे," तो म्हणाला, "तुझा चष्मा राहिला होता ना. म्हटलं, हिला पत्र लिहायला लागेल. द्यायला आलो."

"कुठाय?"

त्याने खिसे तपासले. मग होडीत जाऊन शोधलं. मग परत येऊन पुन्हा खिसे तपासले.

चष्मा घरीच विसरलाय. तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. ताटं दोनच असल्यामुळे आम्ही पाळीपाळीने जेवतोय. तुझा भाऊ पहिल्या पंगतीला बसला तो अजून उठलेला नाही. मी त्याला आणखी वाढते.

तुझी वहिनी,
रोमिआन